आठ बाजूंचं मखर आणि एक गेज

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, हे मला कधी आठवून बघावं लागलं नाही. ते वत्सलाआत्याचे. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण भांडुपला, टेकडीच्या उतारावरच्या एका चाळीत राहायची. बी.एस्सी. झाल्यावर नोकरी शोधायला मी गावाहून आलो तो तिच्याच दारात. तिने माझी ट्रंक आत ओढली, मला पाटावर बसवलं, भातावर माशाची कढी वाढली आणि म्हणाली, "जेव. भुसो लागलो तर गिळून टाक, सागवानाचो असा."

भुसा लागायचाच. आत्याची खोली एकच, पण मोठी, आणि तिच्या पुढच्या निम्म्या भागात करवतीचं मशीन होतं. जाड लोखंडी टेबल आणि मधल्या फटीतून वर आलेलं गोल, दातेरी पातं. बटण दाबलं की आधी एक हुंकार यायचा, मग तो चढत चढत असा किंचाळायचा की शेजारच्या खोलीतलं तान्हं बाळ त्यावर झोपी जायचं आणि मशीन थांबलं की उठून रडायचं. आत्या या मशीनवर देव्हारे बनवायची. माझे आजोबा गावचे सुतार. हातातली करवत त्यांनी मुलाला दिली तशी मुलीलाही दिली होती. लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा इतर बायका हळदीकुंकवाची भांडी घेऊन आल्या, ही पटाशी आणि रंधा घेऊन आली. काका, म्हणजे तिचे यजमान भिकाजीकाका, गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर ते घरी बसून देव्हाऱ्यांना पॉलिश करायचे आणि पॉलिश वाळेपर्यंत सोफ्याची स्वप्नं बघायचे. मशीन विकायचं, त्या जागी सोफा ठेवायचा आणि त्यावर पाय पसरून बसायचं, एवढीच त्यांची आयुष्याकडून मागणी होती. ती ते रोज जेवताना मोठ्याने वाचून दाखवल्यासारखी सांगायचे.

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे चाळीत माझं नाव बाळकृष्ण असलं तरी सगळे मला 'ग्रॅज्युएट' म्हणायचे, आणि ही पदवी सगळ्या कामांना चालते असा त्यांचा ठाम समज होता. नळाला पाणी का नाही, विचारा ग्रॅज्युएटला. पोराला गोवर आहे की घामोळं, दाखवा ग्रॅज्युएटला. एकदा कोळीण दारात आली तर आत्याने बांगडा माझ्या नाकासमोर धरला आणि विचारलं, "बघ रे, ताजो असा?" बी.एस्सी.च्या कुठल्याही वर्षाला बांगडा नव्हता. तरी मी त्याचे कल्ले उघडून गंभीरपणे पाहिले आणि मान हलवली. कोळीण म्हणाली, "तुझे डोळे याच्यापेक्षा शिळे हायेत रे." आत्याने माझी मान खरी मानली, बांगडा घेतला, आणि तो खरोखरच चांगला निघाला. त्या दिवसापासून आमच्या घरात मासळीही माझ्या सहीशिवाय शिजेना.

आता ज्या वस्तूवरून हे सगळं घडलं तिच्याबद्दल सांगायला हवं. करवतीच्या टेबलावर पात्याच्या बाजूने एक लांब खाच असते. त्या खाचेत एक पट्टी सरकते, आणि पट्टीच्या डोक्यावर कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं, पण लोखंडी आणि वीतभर रुंद, अर्धगोल बसवलेलं असतं. लाकूड त्याला टेकवायचं, हवा तो कोन लावून मळसूत्र आवळायचं आणि सगळं मिळून पात्याकडे ढकलायचं. कोन बरोबर तर चौकट बरोबर. याला गेज म्हणतात. आज माझा नातू त्याच्या फोनवर मला व्हिडिओ दाखवतो. त्यात परदेशातले गृहस्थ अशी दहा-बारा गेजं ओळीने मांडून एकेकाचे गुणदोष सांगतात. त्यांतल्या एकानेही गेजाने कुर्ली, म्हणजे खेकडा, फोडलेली नाही. आमच्या काकांनी फोडली.

रविवार होता. आत्याने कुर्ल्यांचं तिखलं केलं होतं. त्यातल्या एका कुर्लीचा डेंगा, म्हणजे नांगी, दगडासारखा होता आणि वरवंटा शेजारी गेलेला. काकांनी इकडेतिकडे बघितलं, हात लांब करून मशीनवरचं गेज उचललं आणि दणका दिला. डेंगा फुटला. गेजही फुटलं. अर्धगोलाचा एक तुकडा थेट रश्श्यात पडला.

आत्या ताटावरून उठली. "अवो, ह्यां काय केल्यात?"

काकांनी डेंग्यातलं मांस शांतपणे ओढून काढलं. "कुर्ली जून होती," ते म्हणाले.

त्यांची मुलगी मंदा, माझ्याच वयाची, टायपिंगच्या क्लासला जायची आणि जीभ टायपिंगपेक्षा जलद चालवायची. ती म्हणाली, "बाबा, सोफ्याने काय फोडणार होतात?"

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच आठवड्यात मुलुंडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी सबनीस आत्याकडे येऊन गेले होते. त्यांना थर्मोकोलचा कंटाळा आला होता. सोसायटीच्या गणपतीसाठी दरवर्षी जोडता आणि सोडवता येईल असं लाकडी मखर हवं होतं, आणि ते अष्टकोनी हवं होतं, कारण त्यांच्या मेव्हण्याच्या सोसायटीचं षट्कोनी होतं. खाली आठ तुकड्यांचं एक कडं, त्यावर कमरेएवढा कठडा, वर तसंच दुसरं कडं, मध्ये खांब आणि जाळी. आत्याने एवढं मोठं काम कधी केलं नव्हतं. तिने हो म्हणून टाकलं होतं.

"गेज नाय, आणि अष्टकोनी मखर करतलस?" काकांनी हात धुता धुता विचारलं. "बरां. ह्यां मखर जमलां तर मशीन रवतलां. परत सोफ्याचा नाव काढूचंय नाय. पण नाय जमलां तर मशीन जातलां आणि सोफो येतलो. कबूल?"

आत्याने मशीनच्या टेबलावर हात ठेवला. गंमत म्हणून नव्हे. तिचा तो हात मला अजून दिसतो. बोटांच्या पेरांना पॉलिश लागलेलं, आणि खाली ते गार लोखंड. त्या खोलीत भांडी सासूची होती, पलंग काकांचा होता, शिलाईचं यंत्र मंदाचं होतं. हे एकच तिचं होतं. "कबूल," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "गेज तू निवडूचंस. ग्रॅज्युएट मां तू?"

निवडायचं तर आधी खाचेचं माप हवं. मी माझी शाळेतली पट्टी काढली, खाचेवर वाकलो, एक डोळा मिटला आणि रुंदी-खोली कागदावर लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली. आत्या बघत उभी होती. तिला ते पटलं नाही. कागदावरचं माप दुकानात बदलतं, असं तिचं म्हणणं. तिने मोदकासाठी काढतात तशी तांदळाच्या पिठाची उकड काढली, खाचेला खोबरेल लावलं आणि वीतभर लांबीत उकड गच्च दाबून बसवली. निवल्यावर ती अलगद सोडवली. खाचेचा हुबेहूब पांढरा ठसा. तो केळीच्या पानात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवला आणि आम्ही दोघं बसने घाटकोपरला निघालो. डबा तिने मांडीवर असा धरला होता की कंडक्टरने विचारलं, "ताई, प्रसाद आहे का?"

घाटकोपरला हार्डवेअरच्या गल्लीत आत्याचे ठरलेले शेठ होते. अंगाने भरलेले, आवाजाने त्याहून. आत्याने काउंटरवर डबा उघडला. शेठनी आत बघितलं, मग आमच्याकडे बघितलं.

"बेन, आज माझा उपास आहे."

"खावचा नाय, शेठ. माप असा."

"माप?" शेठनी उकड बोटाने टोकरली. "तीस वरस धंधा केला. लोक सुतळी आणतात, काडी आणतात, एक जण तर आख्खा दरवाजा घेऊन आला होता. पण माप उकडून कोणी आणला नव्हता."

मी माझा कागद पुढे केला. शेठनी कागद आणि उकड शेजारी शेजारी ठेवली आणि कॅलिपर लावला. दोन्ही मापं जुळेनात. उकडीचं माप कागदापेक्षा थोडं बारीक होतं.

"पट्टी घसरली असतली तुझी," आत्या म्हणाली.

"आत्या, उकड सुकते. सुकली की आकसते."

"माझी उकड?" तिचा चेहरा असा झाला की जणू मी तिच्या मोदकांवरच संशय घेतला होता. दुकानातली गिऱ्हाइकं गोळा झाली. एक प्लंबर उकडीच्या बाजूने बोलायला लागला.

शेठनी हात वर केले. "बस, बस. दोन घेऊन जा. एक ह्या कागदाचा, एक ह्या मोदकाचा. घरी लावून बघा, नको तो परत आणा. लोखंडाचा माल मी कधी परत घेत नाय, पण हे भांडण मला दुकानात नको."

एक गेज नवंकोरं, निळ्या रंगाचं, आकडे चकचकीत, ठरावीक कोनांवर खट्कन थांबणारं. ते माझ्या कागदाला जुळलं. दुसरं कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्यातलं जुनं, काळं, उचलताना मनगट वाकवणारं. त्याचे आकडे झिजून गेलेले. ते उकडीला जुळलं. दोन्ही पिशवीत टाकून आम्ही परत आलो. निघताना उकड मात्र शेठनी ठेवून घेतली. गिऱ्हाइकांना दाखवायला, म्हणाले.

घरी दोन तट पडले. निळं खाचेत लोण्यासारखं सरकत होतं. मंदा त्याच्या बाजूची. काळं खाचेत थोडं हलत होतं, पण त्याचं मळसूत्र आवळलं की डोकं खडकासारखं घट्ट. आत्या त्याच्या बाजूची. काका दोन्हींच्या विरुद्ध. आणि मी, ज्याने निवडायचं, तो दोन गेजांच्या मध्ये उभा राहून घाम पुसत होतो. चुकीचं निवडलं तर आत्याचं मशीन जाणार, हा विचार डोक्यात आला की मला नऊचा पाढासुद्धा आठवेना.

"एवढो घोळ कित्याक?" काका म्हणाले. "देवाक विचारूया."

आमच्या कोकणात महत्त्वाचं काही ठरत नसलं की देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि कुठल्या बाजूची पाकळी पडते ते बघायचं. त्याआधी गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला सगळी हकिकत सविस्तर कळवायची, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. हा मान घरातल्या कर्त्या पुरुषाचा. काकांनी टोपी घातली. दोन्ही गेजं मशीनवर उभी केली, प्रत्येकाच्या कपाळाला तगरीची एकेक ओली पाकळी लावली. ज्याची पाकळी आधी पडेल ते गेज ठेवायचं. दारात शेजारीपाजारी जमले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"तुझ्या लेकरांनी आज घाटकोपरासून ही दोन गेजां आणलेली असत!"

"व्हय म्हाराजा!"

"एक निळां, एक काळां! त्यातलां सरळ असात तां आमच्या पदरात घाल, वाकडां असात तां शेठच्या दुकानात धाड!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि दोन्ही वाकडी असली, तर सोफ्याचो इचार कर!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळी चाळ म्हणून गेली. आत्याने अशी मान वळवली की शेजारच्या काकूंनी तोंडावर पदर धरला.

निळ्याची पाकळी पडली. आत्या म्हणाली, "तां पंख्यान पडलां." पंखा बंद करून पुन्हा गाऱ्हाणं झालं. या वेळी काळ्याची पडली. मंदा म्हणाली, "आई, तू फुंकलंस." तिसऱ्यांदा सगळ्यांनी तोंडावर हात धरून वाट बघितली. पंखा बंद, दार लोकांनी भरलेलं, अंगातून धारा. दोन्ही पाकळ्या तशाच चिकटून वाळल्या. एकही पडली नाही. लोक कंटाळून आपापल्या भाताकडे गेले.

"दादा, बोल ना काहीतरी," मंदा कुजबुजली. "देवाने पण हात वर केले यार."

तेव्हा मी बोललो. आवाज चिरका आला, पण आला. म्हटलं, आठ बाजू म्हणजे आठ जोड. पूर्ण फेरीचे आठ भाग केले की एका जोडाला पंचेचाळीस अंश, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या टोकाला त्याच्या निम्मे, साडेबावीस. एका कापात केसाएवढी चूक असली तरी ती फिरत फिरत सोळा टोकांत साठते. तेव्हा टाकाऊ फळीतून दोन्ही गेजांनी आठ-आठ छोटे तुकडे कापू आणि त्यांची कडी जुळवू. जे कडं मिटेल ते गेज खरं.

"मगे आधी कित्याक बोलाक नाय?" आत्या म्हणाली.

"गाऱ्हाणं चाललं होतं," मी म्हणालो.

निळ्यावर साडेबावीसचा खटका होता. तो लावून आत्याने आठ तुकडे कापले. काळ्यावर आकडेच दिसत नव्हते, म्हणून मी कॅलेंडरच्या पानाचा काटकोन दोनदा दुमडला, की नव्वदाचे पंचेचाळीस आणि पंचेचाळीसचे साडेबावीस, आणि त्या घडीवर गेज लावलं. जमिनीवर दोन कडी मांडली. निळ्याचं मिटलं नाही. शेवटच्या जोडात मंदाची करंगळी जात होती. खटका छान वाजायचा, पण लाकडाचा दाब आला की डोकं हळूच सरकायचं. काळ्याचं तर त्याहून वाईट. पट्टी खाचेत हलत असल्यामुळे प्रत्येक तुकडा वेगळाच निघाला होता. ते कडं नव्हतं, तो दात पडलेला जबडा होता.

आत्याने जमिनीवरचे तुकडे एकेक करून उचलले आणि सरपणाच्या पेटीत टाकले. काका जिंकले होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो, पण त्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते काळं गेज खाचेत पुढे-मागे सरकवत होते. खड्, खड्. पुन्हा, खड्, खड्. गिरणीत अख्खी उमर सैल झालेले भाग घट्ट करण्यात गेलेली. तो आवाज त्यांना दातात खडा आल्यासारखा लागत होता.

"ह्यां असां हलता कित्याक?" ते स्वतःशीच म्हणाले. पलंगाखालून त्यांनी जुनी हत्यारांची पेटी ओढली, टोच्या आणि हातोडी काढली, आणि गेजाची पट्टी उंबऱ्यावर आडवी धरून तिच्या कडेला ओळीने ठोके द्यायला लागले. प्रत्येक ठोक्याने लोखंडात खड्डा पडायचा आणि त्याच्या बाजूने कड किंचित फुगायची. थोडं ठोकायचे, खाचेत घालून बघायचे, पुन्हा ठोकायचे. कानस फिरवायचे. शेवटी पट्टी खाचेत गेली आणि आवाज न करता सरकली.

"बाबा," मंदा म्हणाली, "तुम्ही काय करताय कळतंय ना? सोफा गेला तुमचा."

काकांचा हात थांबला. त्यांनी टोच्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. "गप रव," ते म्हणाले. "हलत होतां तां."

आत्याने पुन्हा आठ तुकडे कापले. पुन्हा कडं मांडलं. मिटलं. आत्याने मला विचारलं, "ह्यांच मां?" आणि मी म्हणालो, "हेच." आयुष्यात मी घेतलेला तो पहिला निर्णय. पुढे तंत्रशाळेत शिकवताना मी शेकडो मुलांना हेच आठ तुकड्यांचं कडं करायला लावलं.

पण काका असे सुटू देणारे नव्हते. वीतभर कडं मिटलं म्हणजे मखर मिटलं असं नाही, लांब तुकड्यात चूकही लांब होते, मुलुंडला उभं राहील तेव्हा खरं, असं त्यांनी बजावलं. आणि आमच्या खोलीत मखर पूर्ण मांडून बघायला जागा नव्हती. ती मशीनने घेतली होती. शिवाय गणपतीला आत्या आणि काकांना गावी जाणं भाग, त्या वर्षी घरची पूजा त्यांच्याकडे होती. म्हणून सगळे तुकडे कापून, पॉलिश करून, त्यांवर खडूने खुणा करून आत्या गेली. जाताना टेबलावर तेलाचं फडकं फिरवलं आणि मला म्हणाली, "जां काय होयत तां खरां खरां लिही. गोड करून लिहू नको." गावात तेव्हा फोन नव्हता. मी लिहिलं ते असं:

तीर्थरूप वत्सलाआत्यास बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार.

सांगितल्याप्रमाणे खरं तेच लिहितो. मी आणि मंदा सर्व तुकडे टेम्पोने मुलुंडला घेऊन गेलो. मूर्ती उद्या येणार आहे. मखर आज जोडायचं होतं. सबनीस म्हणाले, मूर्तीच्या जागी मी उभा राहतो म्हणजे उंचीचा अंदाज येईल. ते मध्यभागी उभे राहिले आणि आम्ही त्यांच्याभोवती खालचं कडं जुळवत गेलो. सात जोड बसले. आठवा लावायचा मला धीर होईना, म्हणून तो तुकडा मंदाने लावला आणि मी फक्त लाकडी हातोडी मारली. तो पुढच्या कठड्यासकट बसला. टक् असा आवाज आला.

मग सबनीस म्हणाले, छान, आता काढा. तो निघेना. आम्ही दोघांनी ओढला, वॉचमनने ओढला, निघेना. सबनीसांच्या कमरेएवढा कठडा, आणि त्यांना गुडघ्याचा त्रास. त्यांच्या सौभाग्यवतींना बोलावलं. त्या म्हणाल्या, राहू देत अकरा दिवस. सोसायटीच्या मुलांनी त्यांना ओवाळलं. शेवटी कठड्यावरून आत एक स्टूल दिलं आणि बाहेर दुसरं ठेवलं, आणि चौघांनी धरून त्यांना बाहेर काढलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी वाकून एकेका जोडात नख घालून बघितलं. नख कुठेच गेलं नाही. मग त्यांनी मेव्हण्याला फोन केला आणि ताबडतोब बघायला ये म्हणून सांगितलं.

वरचं कडंही बसलं. विसर्जनानंतर तुकडे सावकाश, पॉलिश न दुखावता ठोकून सोडवू. मखर जमलं, आत्या.

काकांना हे पत्र वाचून दाखव. एरवी मला कोणी काही विचारलं की मी पुस्तकात काय आहे ते आठवायचो. तू विचारलंस तेव्हा पुस्तक नव्हतं, आणि चुकलो असतो तर तुझं मशीन गेलं असतं, तरी तू मलाच विचारलंस. याबद्दल काय लिहावं ते कळत नाही, म्हणून लिहीत नाही.

मशीनवर चादर घातली आहे. मंदाने त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले होते, ते काढायला लावले. पुण्याची एक बाई देव्हाऱ्याची चौकशी करून गेली. तिला सांगितलं, मशीनवाल्या बाई गावाहून आल्या की या.

तुझा,
बाळू